कपाट दान करायचं होतं, एवढंच

गावातलं जुनं घर रिकामं करायचंय, सामान विकू की दान देऊ, असं ओळखीतलं कोणी विचारलं की मी आधी एकच विचारते: शाळेला काही द्यायचं मनात आहे का? नसेल तर तुमचं काम सोपं आहे. असेल तर बसा, पाणी प्या, मग बोलू.

आमचं घर वर्धा जिल्ह्यातल्या आर्वी तालुक्यातलं. मातीच्या भिंती, वर कवेलू, पुढे छपरी, मागे सांदवाडी. बाबा गेल्यावर आई दादाकडे पुण्याला राहायला गेली. गेल्या पावसाळ्यात मागची भिंत खचली आणि चुलतभावानं सांगून टाकलं, "ताई, आता हे पाडा, नाहीतर कोणाच्या अंगावर पडन." मी अमरावतीला, म्हणजे सगळ्यांत जवळ. त्यामुळे घर रिकामं करायचं काम माझ्याच गळ्यात आलं.

दादाचं म्हणणं, अंगणात मांडून विकून टाकू. त्याचा मुलगा अमेरिकेत असतो. तिथे म्हणे लोक शनिवारी घरासमोर टेबलं लावतात, प्रत्येक वस्तूवर किमतीची चिठ्ठी चिकटवतात आणि संध्याकाळपर्यंत घर मोकळं. आईनं हे फोनवर ऐकलं मात्र. "अंगणात भांडी मांडली की लोक म्हणतीन, पोरायनं बापाचं दिवाळं काढलं!" तिचंही चूक नाही. तिच्या पिढीनं घरातली भांडी अंगणात आलेली पाहिली ती जप्तीच्याच वेळी. तिला सगळं दानच करायचं होतं. "शाळेले द्या, गोरगरिबाले द्या, आपल्याले काय करायचे पैसे."

आता गोरगरीब म्हणजे कोण? आमच्याच गल्लीतले, आमच्याच वावरात कामाला आलेले. मागच्या घरातल्या वहिनीला मी म्हटलं, ही गादी घेऊन जा. तिनं गादीकडे पाहिलंही नाही. "राहू द्या ताई, आहे आमच्या इथं." आणि दुसऱ्या दिवशी तीच येऊन बाजेची किंमत विचारून गेली. तिथे माझं ठरलं. शेजाऱ्यांच्या उपयोगाचं ते विकायचं, पण अंगणात मांडून नाही. दार उघडं ठेवायचं, लोकांनी आत यायचं, बघायचं, भाव विचारायचा. भाव असा सांगायचा की घेणाऱ्याला उपकार वाटू नये आणि ओझंही वाटू नये. धातू वजनावर. आणि चारचौघांच्या कामाचं जे असेल ते शाळेला आणि वाचनालयाला. आईही खूश, दादाही गप्प.

पहिला हक्क आमच्याकडे बरीच वर्षं सालदार राहिलेल्या काकाजींचा. त्यांना पलंग घ्या म्हटलं, पेटी घ्या म्हटलं. त्यांनी माळ्यावरून बैलांच्या झुली आणि घुंगरमाळा काढल्या, झटकल्या, खांद्यावर टाकल्या आणि निघाले. बैल तर आमच्याकडेही उरले नाहीत, त्यांच्या स्वतःकडेही नाहीत. पोळ्याला पोराच्या जोडीवर घालीन म्हणाले. बाकी बाजा, बंगई म्हणजे झोपाळा, पेट्या, जर्मनचे गंज म्हणजे ॲल्युमिनियमची पातेली, लाकडी दारं सगळं गावातच गेलं. दारं सागवानाची होती. सागवान दुसरीकडे न्यायचं तर वनखात्याचा वाहतूक परवाना लागतो, पण घेणारा गल्लीतलाच निघाला आणि त्यानं ती चौघांच्या खांद्यावरून नेली.

आता कपाट.

लोखंडी, साडेसहा फुटी, हिरवट-राखाडी रंगाचं. बाबांनी १९८३ साली घेतलेलं. दार लावलं की आजही 'खट्' आवाज येतो. आतला चोरकप्पा, त्याची किल्ली, सगळं शाबूत. सोबत सागवानी पुस्तकाची मांडणी, छपरीतली दोन बाकडी आणि दोन पंखे. शाळेला याची खरोखर गरज होती. मी स्वतः पाहिलं की पुस्तकं पोत्यात भरून कोपऱ्यात ठेवली होती आणि पोत्याचा एक कोपरा उंदरांनी कुरतडला होता. मुख्याध्यापक भला माणूस. माझी तक्रार त्यांच्याबद्दल नाही, हे आधीच सांगते.

"आणा ना मॅडम. लोकसहभागात दाखवू."

"उद्या टेम्पो आणू?"

"उद्या नको. आधी अर्ज द्या."

म्हणजे देणाऱ्यानं अर्ज करायचा. केला. 'माझ्या कै. वडिलांच्या वापरातील खालील वस्तूंचा स्वीकार करावा, ही नम्र विनंती.' खाली वस्तूंची यादी, नग, वर्णन. शेवटच्या रकान्यात किंमत. सर म्हणाले, बिल जोडा. मी म्हटलं, सर, १९८३ चं कपाट आहे, त्या दुकानाच्या जागी आता मोबाइलचं दुकान आहे. सर हसले, पण पेन काही पुढे सरकलं नाही. किंमत जास्त लिहिली तर उद्या काही मोडलं, हरवलं की त्याचं उत्तर मुख्याध्यापकानं द्यायचं. कमी लिहिली तर ऑडिटवाला विचारणार की मग हे भंगार घेतलंच कशाला. त्यांची अडचण मला कळत होती. माझी अडचण अशी की तोपर्यंत घर पाडणाऱ्याला मी ॲडव्हान्स देऊन बसले होते.

मग म्हणे समितीचा ठराव पाहिजे. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, त्यात विनाअनुदानित सोडून प्रत्येक शाळेला व्यवस्थापन समिती आहे, तिचे किमान पंच्याहत्तर टक्के सदस्य पालक आणि निम्म्या महिला असाव्यात अशी तरतूद आहे. चांगली तरतूद आहे, मला पटते. पण हे सगळं चाललं होतं कापसाच्या वेचणीत. वेचणीची मजुरी किलोवर मिळते. सकाळी दवानं जड झालेला कापूस हाती लागला की दिवस सत्कारणी. कोणती आई आपला दिवस मोडून एका कपाटाच्या ठरावाला सही करायला येणार? मीही आले नसते. सभा लावली, गणपूर्ती झाली नाही. पुन्हा लावली, त्या दिवशी सरांना तालुक्याला प्रशिक्षणाला बोलावलं. मी अमरावतीहून एसटीनं यायची, शाळेला कुलूप बघायची, शेजारच्या अंगणवाडीत चहा प्यायची आणि परत जायची. शेवटी मी अंगणवाडीच्या बाईंनाच गाठलं. त्यांनी सुचवलं, सभा संध्याकाळी घ्या, बाया वावरातून आल्यावर, दिवा लागायच्या आत. तशी घेतली आणि पाच मिनिटांत ठराव झाला. सूचक एक आई, अनुमोदक दुसरी आई, दोघींच्याही ओट्यात तेव्हा कापसाची बोंडं अडकलेली. शाळेचं काम असेल तर वेळ बायांना विचारून ठरवा. हे मला कुठल्याच कार्यालयात कोणी सांगितलं नव्हतं.

ठराव झाला म्हणून मी टेम्पोवाल्याला फोन करणार, तर सर म्हणाले, वरून एकदा होकार घेतलेला बरा. वरून म्हणजे तालुक्याचं ऑफिस. तिथे साहेब मीटिंगला. साहेब दौऱ्यावर. साहेब आत्ताच निघाले. टेबलावरच्या बाबूंनी माझा अर्ज एका फाइलखाली सरकवला आणि म्हणाले, "जुनं सामान शाळेत टाकायचं नाही अशी सूचना आहे."

"लेखी आहे का?"

"तोंडी आहे."

"मग माझ्या अर्जावर तसं लेखी लिहून द्या."

यानंतर आवाज बदलला. हे वाक्य लक्षात ठेवा, दानातच नाही, कुठेही कामाला येतं. रागानं म्हणू नका, सहज म्हणा आणि पेन पुढे करा.

बाबूंनी खुर्ची ओढून दिली आणि जे सांगितलं ते पहिल्याच दिवशी कोणी सांगितलं असतं तर माझे किती हेलपाटे वाचले असते! शाळेत आलेली टिकाऊ वस्तू जडसंग्रह नोंदवहीत चढते. चढणं सोपं. उतरवणं म्हणजे निर्लेखन: प्रस्ताव, पाहणी, मंजुरी, मग लिलाव. तोवर मोडकं बाकही शाळेनं जपून ठेवायचं, कारण कागदावर ते जिवंत आहे. तेव्हा मला शाळेतली ती मागची खोली आठवली. खिडकीच्या गजातून मी आत पाहिलं होतं. तुटक्या बाकांचा छतापर्यंत ढीग, वर एक गंजलेली घसरगुंडी आडवी, आणि फळ्यावर खडूनं 'निर्लेखन' लिहून खाली एक जुनी तारीख. जिथे वर्ग भरायचा ती खोली मोडक्या सामानाला दिलेली. शाळा जुनं सामान घ्यायला का बिचकतात ते त्या खिडकीत उभं राहिलं की कळतं. लोक मोठ्या मनानं मोडका टीव्ही देतात, फोटो काढतात आणि जातात. नोंदवही शाळेच्या गळ्यात.

शेवटी असं ठरलं: किंमत 'देणगीदाराच्या घोषणापत्रानुसार अंदाजे', घोषणापत्र मी साध्या कागदावर लिहून द्यायचं. कपाट, मांडणी, बाकडी चालतील. पंखे नको. जुना पंखा वर्गात लावला आणि काही झालं तर जबाबदार कोण? यावर मी वाद घातला नाही. पंखे गल्लीतच गेले.

पोच मिळाली त्या दिवशी मी ती पोस्टातल्या पावतीसारखी उजेडात धरून पाहिली. 'लोखंडी कपाट (जुने), ०१ नग, चावीसह.' गोल शिक्का, सही, दिनांक. घरच्या ग्रुपवर फोटो टाकला. आईनं हात जोडले. दादानं विचारलं, "८०जी मिळेल ना?" नाही मिळत. वस्तू दान केल्यावर आयकरात ती सूट नाही. ती फक्त पैशाच्या देणगीला, तीही संस्था नोंदलेली असेल तर, आणि रोख दिली तर दोन हजारांपर्यंतच. दादा त्यानंतर दोन दिवस ग्रुपवर काही बोलला नाही.

वाचनालयाचं सांगायचं राहिलं, कारण तिथे सांगण्यासारखं काही घडलंच नाही. ग्रंथपालांनी पुस्तकं चाळली, हवी ती दाखल नोंदवहीत चढवली, जुने दिवाळी अंक परत दिले. अर्ध्या तासात काम संपलं.

भांड्यांबद्दल मात्र सावध राहा. दारावर येणारा कबाडी कांसं आणि पितळ एकाच ढिगात टाकतो आणि पितळेचा भाव लावतो. कांशात तांबं आणि कथिल, पितळेत तांबं आणि जस्त, कांसं महाग. ओळखायचं सोपं आहे: ताट बोटांच्या टोकावर धरून टिचकी मारा. कांसं लांबवर घुमतं, पितळ लवकर गप्प होतं. आमच्याकडच्या दोन थाळ्या अशा वाचल्या. मोडीत काढायची भांडी तालुक्याच्या भांड्याच्या दुकानात नेलेली बरी, तिथे काटा तरी समोर असतो. आणि नावं घातलेली भांडी विकायला काढूच नका, कोणी घेत नाही. आमच्या एका गुंडावर, म्हणजे पाण्याच्या भांड्यावर, ठिपक्या-ठिपक्यांच्या अक्षरांत 'आत्याकडून सप्रेम भेट, १९६८' असं कोरलंय. दुसऱ्याच्या आत्याची भेट कोण घरात ठेवील? तो गुंड आत्याच्या नातीला दिला.

गाद्या दान करू नका. दुसऱ्याच्या अंगाखालची गादी कोणी घेत नाही. उसवून कापूस काढा आणि पिंजाऱ्याकडे द्या. वीस वर्षांचा दबलेला कापूसही पुन्हा फुलतो. आमच्या तीन गाद्यांच्या दोन झाल्या, त्या मात्र त्याच मागच्या घरातल्या वहिनीनं पैसे मोजून घेतल्या. साड्या बोहारणीला. जरीच्या असतील तर आधी किनार बघून घ्या, ती तर बघतेच.

वेळ कोणती धरावी? दिवाळीनंतर ते संक्रांतीपर्यंत, कापसाचा पैसा हातात असतो तेव्हा. मृगाच्या तोंडावर काढाल तर लोक येतील, बघतील, आणि "बी-भरण झालं की पाहू" म्हणून जातील. शाळेसाठी मात्र हाच काळ सगळ्यात वाईट, ते वर सांगितलंच.

आणि कपाट, पेटी, अगदी धान्याची कोठी, काहीही घराबाहेर काढायच्या आधी तळाचा कागद उचलून बघा. चोरकप्प्यात जमिनीच्या जुन्या फेरफाराची नक्कल आणि गावच्या सहकारी सोसायटीचा कर्ज फिटल्याचा दाखला निघाला. तो दाखला आमच्या सातबाऱ्यावरचा बोजा उतरवायला लागणार आहे, आणि त्यासाठी पुन्हा तालुक्यालाच जायचंय. पिक्चर ट्यूबचा टीव्ही तेवढा उरलाय. चुलतभावाच्या गोठ्यात ठेवलाय, त्याच्यावर कोंबडी बसते. कोणाला हवा असेल तर घेऊन जा. शाळेला देऊ नका.