कितीला पडलं?

सकाळी साडेसहाला गावाबाहेरच्या माळावर मी रिमोटचं हेलिकॉप्टर उडवत असतो. फिरायला आलेली मंडळी थांबतात, मान वर करून बघतात आणि ठरलेला प्रश्न टाकतात : 'कितीला पडलं ओ हे?' गेल्या महिन्यात एकजण नववीतल्या मुलाला घेऊन आले होते. त्यांनी जरा खोलात विचारलं : 'दहा-एक हजार हाताशी आहेत. तेवढ्यात सुरुवात होईल का?' बॅटरी संपत आली होती, म्हणून तेव्हा नुसतं 'होईल' म्हणालो. तुम्हीही तेच विचारलंत, म्हणून बाकीचं आता सांगतो.

कितीला पडलं हे किती वेळा पडलं यावर ठरतं. मी पतसंस्थेत कारकून, त्यामुळे वही ठेवायची खोड. पहिल्या वर्षाच्या वहीत हेलिकॉप्टरच्या किमतीला एक ओळ लागली आहे आणि मोडतोडीला साडेतीन पानं. नवा माणूस घेण्याचा खर्च मोजतो, पाडण्याचा मोजत नाही. मीही मोजला नव्हता.

स्वस्तात मिळतंय म्हणून मी सेकंडहँड ४५० साइजचं घेतलं. त्याची पाती ३२५ मिलिमीटरची. मिनिटाला अडीच-तीन हजार फेरे म्हणजे पात्याच्या टोकाचा वेग ताशी साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास जातो. हे गणित मी पाडल्यावर केलं. तिसऱ्याच दिवशी ते गुडघाभर उंचीवरून आडवं झालं. बघणाऱ्याला वाटलं, नुसतं कलंडलं. वहीत नोंद : मोठी पाती दोन, मेन शाफ्ट (पंख्याचा उभा दांडा), फेदरिंग शाफ्ट (पाती धरणारा आडवा दांडा), मेन गिअर, टेल बूम (शेपटीचा दांडा). दोन हजार चारशे रुपये, आणि पार्ट येईपर्यंत एकोणीस दिवस हात चोळत बसणं.

सांगायचं ते हे की, मोठं घेऊ नका. स्वस्त मिळालं तर मुळीच नको.

मग खेळण्यांच्या दुकानातलं? एकावर एक दोन पंखे उलटसुलट फिरणारं, साडेतीन चॅनेल (चॅनेल म्हणजे रिमोटवरून चालणारी एकेक हालचाल) वगैरे लिहिलेलं? घरात मजा येते, पण शिकायला होत नाही. दोन पंखे एकमेकांचा पीळ मारतात, म्हणून ते गरगरत नाही, आणि एरवीही आपोआप स्थिर राहतं. बऱ्याच खेळण्यांना डावी-उजवीकडे कलायची सोयच नसते, आणि जी इन्फ्रारेडवर चालतात ती उन्हात रिमोटचं ऐकत नाहीत. बहुतेक खऱ्या हेलिकॉप्टरला एक मोठा पंखा असतो. तो एका दिशेला फिरला की धड दुसऱ्या दिशेला फिरू बघतं, आणि त्याला शेपटीचा छोटा पंखा धरून ठेवतो. पण धरताना तो सगळ्या यंत्रालाच बाजूला ढकलतो. म्हणून हवेत एका जागी थांबलेलं हेलिकॉप्टर नीट बघा, किंचित कललेलं दिसेल. आपली बहुतेक मॉडेलं उजवीकडे कलतात. हे कलणं हाताला कळणं, तिथून शिकणं सुरू होतं.

तेव्हा चार चॅनेलचं, तळहातावर मावणारं फिक्स्ड पिच घ्या. यात पात्यांचा कोन ठरलेला असतो. मोटर जोरात फिरवली की वर, हळू केली की खाली. डब्ल्यूएलटॉइज कंपनीचं व्ही९११ याच जातीचं. ते इतकं हलकं आहे की भिंतीवर आपटून खाली पडतं, झटकायचं आणि परत उडवायचं. वारा मात्र त्याला अजिबात सोसत नाही. पुढे कलेक्टिव्ह पिच : मोटरचा वेग कायम, पात्यांचा कोन बदलतो, त्यामुळे उलटंसुद्धा उडतं. त्यातही एक्सके कंपनीच्या के११० सारखं शंभर ग्रॅमच्या आतलं मिळतं. पण ते दुसऱ्या वर्षी.

आता पैशांची वाटणी. भाव महिन्यागणिक हलतात, म्हणून रुपयातले आणे सांगतो. आठ आणे रिमोटला, पाच हेलिकॉप्टरला, उरलेले तीन जादा बॅटऱ्या आणि पात्यांना. ज्याला दाखवतो तो इथे अडतो : निम्मे पैसे रिमोटला? हो. हेलिकॉप्टर मोडणार, रिमोट राहणार. घेताना दोन गोष्टी बघा. यूएसबीने कॉम्प्युटरला जोडता आला पाहिजे, आणि आत मल्टिप्रोटोकॉल मॉड्यूल पाहिजे, म्हणजे वेगवेगळ्या कंपन्यांची यंत्रं त्याच्यावर चालतात. हेलिकॉप्टर आपल्या रिमोटशी जुळतं की नाही, ते मात्र पैसे देण्याआधी विचारा.

कॉम्प्युटर कशाला, तर सिम्युलेटरसाठी, म्हणजे पडद्यावर हेलिकॉप्टर उडवायच्या प्रोग्रॅमसाठी. पडद्यावर रोज वीस मिनिटं पाडा, वहीत एक पैसा लागत नाही. शेपूट आपल्याकडे असताना चार दिवसांत जमल्यासारखं वाटतं. मग तोंड आपल्याकडे वळतं आणि डावं-उजवं फिरतं. हात उजवीकडे गेला की ते आपल्या डावीकडे जातं. मी यात दीड महिना घालवला. अखेर एक युक्ती बसली : पडणाऱ्या भिंतीला टेकू लावतात ना, तसं ज्या बाजूला कलतंय त्याच बाजूला स्टिक न्यायची. त्यानंतर विचार करावा लागला नाही.

माळावर आल्यावर पहिले काही दिवस पतंगाच्या दोन लांब कामट्या फुलीसारख्या बांधून, टोकांना प्लास्टिकचे हलके चेंडू लावून, खालच्या पायांना अडकवा. दिसायला तिरडीसारखं दिसतं, पण कलंडत नाही. आणि जमिनीलगत घाबरत उडवू नका. तिथे पंख्याचाच वारा परत वर येतो आणि यंत्र तेलावर ठेवल्यासारखं घसरतं. छातीइतक्या उंचीवर ते शांत असतं.

रिमोटवरचं थ्रॉटल होल्ड नावाचं बटण मोटर बंद करतं. आता पडणार असं वाटलं की आधी ते. पडताना मोटर पात्यांना रेटत नसली तर नुकसान निम्म्यावर येतं. पडल्यावर शाफ्ट काढून काचेवर लोळवायचा. आमच्या घरी देवघराच्या फोटोची जुनी काच आहे, तिच्यावर मी लोळवतो. सरळ असला तर गप्प घरंगळतो. केसभर वाकला असेल तर टक्‌टक्‌ वाजतो आणि खालून उजेडाची फट उघडझाप करते. असा शाफ्ट ठोकून सरळ करत बसू नका. मी बसलो होतो.

लिपो (लिथियम पॉलिमर) बॅटरीचं थोडक्यात : तिच्यातला एकेक सेल ४.२ व्होल्टला भरतो, साडेतीनच्या खाली नेऊ नका, दोन-तीन दिवस उडवणार नसाल तर ३.८ वर ठेवा. फुगलेली बॅटरी चार्ज करायची नाही. मी चार्जिंग मडक्यात करतो, आणि समोर बसून.

मुलाच्या वडिलांना एवढं मात्र गंभीरपणे सांगेन. २०१३ साली न्यूयॉर्कमध्ये एक एकोणीस वर्षांचा मुलगा स्वतःच्याच मोठ्या मॉडेल हेलिकॉप्टरचं पातं लागून गेला. नवखा नव्हता. लहान यंत्र घ्यायचं ते नुसतं पैशांसाठी नाही. कायद्यातही हलक्याला सवलत आहे : २०२१ च्या ड्रोन नियमांत २५० ग्रॅमपर्यंतचं यंत्र नॅनो वर्गात येतं आणि ते उडवायला रिमोट पायलटचं प्रमाणपत्र लागत नाही. तरी आपला माळ रेड झोनमध्ये (परवानगीशिवाय उडवायला बंदी असलेल्या भागात) नाही ना, हे सरकारच्या डिजिटल स्काय या संकेतस्थळाच्या नकाशावर बघूनच या.

परवाचं सांगतो. वाऱ्याची झुळूक आली आणि हेलिकॉप्टर शेजारच्या उसात शिरलं. होल्ड मारला, पण उसात गेलेली वस्तू म्हणजे गेलीच. फडाच्या पलीकडच्या अंगाला तोड चालू होती. अर्ध्या तासाने बीडकडचं एक जोडपं कोयता खांद्यावर टाकून बांधावर आलं. बाईच्या पदरात हेलिकॉप्टर, पाचटासकट. तिने ते उलटसुलट करून पाहिलं, शेपटीचा पंखा बोटाने एकदा फिरवला आणि विचारलं, "केवढ्याला पडलं म्हणायचं हे?"

त्या दिवसाची नोंद : कॅनोपीला (तोंडावरच्या टोपणाला) तडा, पाती शाबूत, चहा तीन, तीस रुपये.