ताक पिऊनही पोट जड का?

‘उन्हाळ्यात रोज जेवणासोबत ताक घेतो, तरी दुपारी पोट जड राहतं, आंबट ढेकर येतात. असं का?’ चैत्र लागला की हा प्रश्न हमखास येतो. तुम्ही विचारलंत म्हणून सांगायचं, तर आधी ताक चाखून बघा. बहुतेक वेळा ते आंबलेलं असतं.

थंडीत लिटरभर दुधाला दोन चमचे विरजण लागतं. मे महिन्यात अर्धा चमचा पुरतो. विदर्भ-खानदेशातल्या उकाड्यात रात्री दहाला विरजलेलं दूध पहाटेच लागतं आणि ओट्यावर आठपर्यंत राहिलं की आंबत जातं. दही लागलं म्हणून त्यातले जिवाणू थांबत नाहीत. चाळीस अंशांच्या आसपास तर ते सगळ्यात जोमात असतात. त्यापेक्षा सकाळी सहाला विरजा, अकराच्या सुमाराला लागलं की लगेच फ्रिजमध्ये ठेवा. फ्रिज नसेल तर परातीत पाणी घेऊन त्यात भांडं ठेवा आणि वर ओलं फडकं टाका. तरीही आंबलंच, तर त्याची कढी करा. मीठ-साखर घालून चव झाकता येते, जळजळ नाही. सुश्रुतसंहितेत तर उष्णकाळी ताक देऊ नये असंच सांगितलंय. आंबट, दाट ताक डोळ्यांसमोर आणलं की त्यात नवल वाटत नाही.

दुसरी गोष्ट घुसळण्याची. दह्यात पाणी ओतून चमच्याने ढवळलं, की ते नुसतं पातळ दही होतं, सगळी साय त्यातच राहते. एक वाटी दही आधी बिनपाण्याचं रवीने दोन-तीन मिनिटं घुसळा, मग तीन वाट्या गार पाणी थोडं थोडं घाला. साईचं दही असेल तर लोणी वर येतं, ते काढून घ्या. पेल्याला पाव चमचा भाजलेल्या जिऱ्याची पूड, किसलेलं आलं आणि चिमूटभर सैंधव पुरे. रक्तदाब असेल तर तेही नको. सैंधव झालं तरी ते मीठच.

आता ताट. उन्हात शरीर अंग गार ठेवायला रक्त कातडीकडे वळवतं, आतड्यांच्या वाट्याला कमी येतं. त्यात आमरस, पुऱ्या, बटाट्याची भाजी, वर भजी आणि लगेच आडवं होणं! मग बोल आंब्याला लागतो. वाटीभर रसात चमचाभर साजूक तूप आणि चिमूटभर सुंठ घालावी, सोबत पुरीऐवजी पोळी घ्यावी आणि त्या जेवणात दुसरं गोड नको. पचायला जड ते सकाळी अकराच्या आत किंवा सूर्य कलल्यावर खावं.

भर दुपारी खरी सोय आंबिलीची. ज्वारीचं किंवा नाचणीचं दोन चमचे पीठ रात्री अर्धी वाटी पाण्यात भिजवा. सकाळी दीड वाटी उकळत्या पाण्यात हळूहळू सोडत मंद आचेवर आठ-दहा मिनिटं शिजवा. पीठ कच्चं राहिलं तर पोट फुगतं, म्हणून इथे घाई नको. पूर्ण गार झाल्यावरच वाटीभर ताक, जिरं, मीठ घाला. गरम असताना घातलं तर ताक फाटतं.

सकाळचा भात संध्याकाळपर्यंत बाहेर ठेवू नका. तो वासाला चांगला असला तरी बाधू शकतो, आणि एकदा त्यात विष तयार झालं की गरम करूनही जात नाही. रस्त्यावरचं ताक प्यायचं असेल तर बर्फाचा रंग बघा. खाण्यासाठी नसलेल्या बर्फात निळा रंग घालण्याचा नियम 2018 साली आला. पांढरा दिसला तरी कुठल्या पाण्याचा हे विचारायला हरकत नाही.

जुलाब-उलट्या सुरू झाल्या तर मात्र ताकावर भिस्त नको. ओआरएसचं लिटरचं पाकीट असेल तर अख्खं पाकीट एकाच वेळी लिटरभर स्वच्छ पाण्यात घाला. अंदाजाने चिमूटचिमूट पेल्यात टाकलं की क्षारांचं माप बिघडतं. चोवीस तासांनी उरलेलं ओतून द्या.