बोगमाळोचं सी हॉक, कॉव्हेंट्रीच्या गॅरेजात

गोव्यात बोगमाळोच्या नौदल हवाई संग्रहालयातलं सी हॉक हे जुनं लढाऊ जेट विमान तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिलेलं असणार. मुलांना घेऊन आपण जातो, सी हॅरियरपुढे फोटो काढतो, सुपर कॉन्स्टेलेशन केवढं मोठं म्हणतो आणि समुद्रावर निघतो. यंदा चवथीला घरी आलो तेव्हा मी त्या सी हॉकपाशीच ठाण मांडलं. इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीत माझ्या गॅरेजात त्याचं एक चतुर्थांश मापाचं, खरोखर उडणारं मॉडेल तयार होतंय.

हेच विमान का, ते सांगतो. सी हॉक आखलं हॉकर कंपनीच्या सिडनी कॅम यांनी. पहिली ३५ विमानं हॉकरने बांधली, पुढची सगळी आर्मस्ट्राँग व्हिटवर्थने, कॉव्हेंट्रीला लागूनच असलेल्या बॅगिंटनला. आपल्या नौदलाच्या ३०० स्क्वॉड्रनने, म्हणजे 'व्हाइट टायगर्स'नी, ती विक्रांतवरून उडवली. १९७१ च्या डिसेंबरात त्यांनी कॉक्स बाजार आणि चितगाववर हल्ले केले. १९८३ साली सी हॉक निवृत्त झाली, तोवर दाबोळीच्या नौदल हवाई तळाच्या आसपास राहणाऱ्यांना त्यांचा आवाज ओळखीचा होता. माझ्या आताच्या गावात जन्मलेलं आणि माझ्या मूळ गावावरून उडालेलं विमान हे एकच.

चतुर्थांश म्हटलं की लहान वाटतं. पण पंखांची लांबी जवळजवळ तीन मीटर भरते, नाकापासून शेपटीपर्यंतही तेवढीच. खरी कसोटी वजनाची. लांबी चौथ्या हिश्शावर आली की पंखाचं क्षेत्रफळ सोळाव्या हिश्शावर येतं आणि घनफळ चौसष्टाव्या. खरं रिकामं सी हॉक सुमारे ४,२०० किलोचं. त्याला चौसष्टाने भागलं तरी ६५ किलो होतात, आणि एवढा भार घेऊन हे पंख सावकाश उतरूच शकणार नाहीत. शिवाय इंग्लंडमध्ये २५ किलोच्या वर गेलं की नागरी विमान प्राधिकरणाची वेगळी परवानगी, बांधकामाची तपासणी आणि चाचणी उड्डाणं आली. म्हणून सांगाडा बाल्सा आणि हलक्या प्लायचा, अंग फायबरग्लासचं आणि प्रत्येक तुकडा चिकटवण्याआधी काट्यावर.

या विमानाचं सगळ्यात सुंदर अंग म्हणजे त्याचा धूर बाहेर पडण्याचा मार्ग. बहुतेक लढाऊ जेटना शेपटीत भोक असतं. सी हॉकचं इंजिन पोटात आहे आणि त्याचा झोत दुभागून दोन्ही पंखांच्या मुळाशी, मागच्या कडेला बाहेर पडतो. त्यामुळे मागचं धड इंधनासाठी मोकळं राहिलं. मॉडेलमध्येही मी हेच करतोय. छोटं टर्बाइन, म्हणजे मॉडेलचं जेट इंजिन, आणि त्यामागे स्टेनलेस स्टीलची, लेंग्याच्या दोन पायांसारखी फाटे फुटलेली नळी. झोताचं तापमान काही शे अंश सेल्सिअस, आणि नळीपासून जेमतेम दोन बोटांवर लाकूड. म्हणून नळीला दुहेरी भिंत, मधून थंड हवा खेळती. गॅरेजातला माझा सगळ्यात जास्त वेळ या नळीने घेतला आहे आणि मी तो आनंदाने दिला आहे.

आराखडे इंग्लंडात मिळाले, सी हॉकही तिथल्या संग्रहालयांत उभी आहेत. मला मात्र आपल्या नौदलाची खूण असलेलं विमान जवळून बघायचं होतं. परवानगी काढून, पावसाची सर ओसरल्यावर, पट्टी लावून पत्र्यांचे सांधे, झाकणं, नाकाखालच्या चार तोफांच्या खाचा, सगळ्यांचे फोटो घेतले. सोबत काका होते. तरुणपणी त्यांनी दाबोळीला याच विमानांवर हात काळे केले आहेत. मी रिव्हेट, म्हणजे पत्रे जोडणारे खिळे, कसे करणार म्हणून त्यांनी विचारलं. सुईच्या सिरिंजने पांढऱ्या गोंदाचा एकेक थेंब ठेवायचा, सुकला की रिव्हेट तयार, असं सांगितलं तर ते खूश झाले. मग पंखाच्या मुळावर हात ठेवून म्हणाले, "हे कोरं करकरीत रंगवू नको हां. आम्ही इथूनच चढायचो. इथला रंग पयला जायचा." ती जागा मी वहीत खुणा करून घेतली आहे. असलं काही कुठल्या आराखड्यात मिळत नाही.

उडवायचं ते तिकडे इंग्लंडातच. दाबोळीच्या एवढ्या जवळ, नौदलाच्या हवाई तळाशेजारी, तो विषयच नाही. आमच्या क्लबाच्या मैदानावर माझं लहान जेट मी उडवतो, त्यामुळे टर्बाइनची सवय आहे. केरोसीनमध्ये थोडं टर्बाइन ऑइल, शेजारी कार्बन डायऑक्साइडचं अग्निशामक, सुरू होताना वाढत जाणारी शीळ. पूर्ण जोरात आतला दांडा मिनिटाला लाखावर फेरे घेतो. पण खटका पुढे केला की ताकद लगेच येत नाही, दोन-चार सेकंद जातात. उतरताना वेग कमी पडतोय हे कळेपर्यंत उशीर झालेला असतो, म्हणून वळण घेतानाच पुढचा विचार लागतो. शेजारी एक जोडीदार उभा राहून वारा आणि आकाशातली बाकीची विमानं सांगत राहतो, कारण उडवणाऱ्याने आपल्या विमानावरची नजर काढायचीच नाही.

आता राहिलाय रंग. वास्को, चिखली, दाबोळी भागात कुणाच्या घरच्या जुन्या अल्बममध्ये सत्तरच्या दशकातल्या सी हॉकचा फोटो असेल, वडील किंवा आजोबा शेजारी उभे असलेला का होईना, तर मला जरूर पाठवा. विमानावर 'व्हाइट टायगर्स'चा वाघ नीट दिसत असेल तर फारच उत्तम.