जोता, मुरूम आणि कापूस: आमची वाटचाल

यवतमाळ जिल्ह्यातल्या वणी-मारेगाव पट्ट्यात आम्ही फरशी बसवायची कामं घेतो. दुकान नाही, बोर्ड नाही. एक जुना मालवाहू ऑटो, दोन कटर मशीन, लेझर लेव्हल आणि घरातली-नात्यातली पाच-सहा माणसं, एवढीच आमची फर्म. बिलबुकावर नाव छापलंय, पण गावोगावी लोक "फरशीवाले भाऊ" म्हणूनच ओळखतात, आणि काम त्याच नावावर मिळतं.

वडील गवंडी होते. त्यांच्या उमेदीच्या काळात खेड्यात फरशी म्हणजे शहाबादी. ती कर्नाटकातून यायची, ओसरीत आणि माजघरात बसायची, बाकी घर शेणानं सारवलेलं. ज्याचा कापूस चांगला त्याच्याकडे राजस्थानचा कोटा दगड. गुजरातेतल्या मोरबीच्या चकचकीत टाइल्स आमच्याकडे पोचल्या तेव्हा वडिलांनी त्या हातात घेऊन उलटसुलट बघितल्या आणि म्हणाले, "हे तर काचावानी हाय, याले सिमेंट धरन का?" प्रश्न अगदी बरोबर होता. त्याचं उत्तर शोधण्यातच माझा निम्मा धंदा गेला.

काम शिकलो नागपूरला, एका राजस्थानी मिस्त्रीच्या हाताखाली. सुरुवातीला माझ्याकडे काम एकच, भिंतीच्या टाइल्स टाक्यात भिजत घालायच्या. बुडबुडे यायचे थांबले की काढायच्या, पुसायच्या, सावलीत उभ्या करायच्या. भिंतीची सिरॅमिक टाइल पाणी पिते. कोरडी लावली तर सिमेंटातलं पाणी ओढून घेते, आणि पाण्याशिवाय सिमेंट नुसती पावडर. व्हिट्रिफाइडचं, म्हणजे त्या मोरबीच्या चकचकीत फरशीचं, उलटं. ती अर्ध्या टक्क्याहूनही कमी पाणी शोषते, भिजवून काही उपयोग नाही. म्हणूनच नुसता सिमेंटचा घोळ, म्हणजे पाण्यात कालवलेलं सिमेंट, तिला नीट धरत नाही. वडिलांनी विचारलेलं हेच.

गावी परत येऊन स्वतःची कामं सुरू केली तेव्हा चौरस फुटाला सहा रुपये मजुरी घ्यायचो. आता साध्या दोन-बाय-दोन फुटी फरशीला अठरा ते वीस, भिंतीला आणि दोन-बाय-चारला जास्त, स्कर्टिंग (भिंतीच्या पायथ्याची पट्टी) रनिंग फुटावर, जिना पायरीवर, किचनचा ओटा ठोक. दर वाढले, पण आमच्या भागात धंदा टिकतो की बुडतो हे दरावर ठरत नाही. ते ठरतं जोत्याच्या, म्हणजे घराच्या चौथऱ्याच्या, आत काय भरलंय त्यावर.

आमची जमीन काळी, कापसाची. पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते, मेच्या अखेरीस शेतात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. शेतकऱ्याला हे कोणी सांगायला नको. पण तोच शेतकरी घर बांधताना पायव्यातून निघालेली माती जोत्यात ढकलतो, कारण मुरमाच्या, म्हणजे न फुगणाऱ्या खडकाळ मातीच्या, ट्रॉलीला पैसे लागतात आणि माती तर दारातच पडलेली. वरून काँक्रीटचा कोबा, कोब्यावर फरशी. पहिला पावसाळा गेला की मधली फरशी वर आणि कडेची खाली. मग फोन येतो आम्हाला.

मी काम बघायला गेलो की टाइल्सचा रंग नंतर विचारतो. पहिलं बोलणं असं होतं:

"काकाजी, भरावात काय टाकलं?"

"काय म्हंजे? पायव्याची मातीच होती ना. फुकट टाकाची का मंग?"

"मंग फरशी यंदा नका बसवू."

"अन् पोरीच्या साखरपुड्याले पाहुणे काय मातीत बसवू?"

यावर मी दोनच मार्ग सांगतो. एक तर वरची माती काढून मुरूम टाका, सहा-सहा इंचाचे थर करून पाणी मारा, धुम्मस करा (ठोकून दाबा) आणि मग गिट्टीचा तीन-चार इंचाचा कोबा घाला. नाही तर साखरपुड्याला सतरंजी अंथरा, एक पावसाळा भराव बसू द्या, दिवाळीनंतर मी येतो. तिसरा मार्गही असतो, म्हणजे दुसरा मिस्त्री. तो हो म्हणतो, बसवतो आणि जातो. अशी कामं आमच्या हातून पुष्कळ गेली. त्यातले काही लोक पुढे परत आले, काही नाही आले. रागावून बसलेलेही आहेत. पण ज्या खेड्यात सगळेच एकमेकांच्या घरी भजनाला, तेराव्याला बसतात, तिथे उखडलेली फरशी पन्नास माणसं बघतात आणि पहिला प्रश्न "मिस्त्री कोण होता?" हाच. मातीबद्दल कोणीच विचारत नाही.

2022 च्या जुलैत वर्धा नदीला मोठा पूर आला, काठच्या गावांत पाणी शिरलं. पाणी ओसरल्यावर आम्ही कामं बघत फिरलो. वरून फरशी धड दिसायची, पण लोखंडी सळईनं ठोकलं की जागोजागी पोकळ वाजायची. मुरमाच्या भरावाची घरं बहुतेक वाचली होती. त्यानंतर मुरमाचा वाद घालणं थोडं सोपं झालं.

सरकारी योजनांनीही आमचं काम बदललं. 2014 नंतर शौचालयांना 12,000 रुपये मिळू लागले. एवढ्याशा खोलीत फरशी बसवायला जाणं परवडायचं नाही, म्हणून आम्ही एका गावातली आठ-दहा कामं एकत्र धरायचो आणि मुक्काम तिथेच. पुढे घरकुलं आली, 25 चौरस मीटरचं घर आणि सर्वसाधारण भागात 1,20,000 रुपये, तेही हप्त्यांनी. त्या पैशात भिंती आणि छत झालं तरी पुष्कळ. फरशीला उरतंच काय? मग बाई म्हणते, "आता पुढच्या खोलीपुरती करा, सैपाकखोली कापूस झाला की." आम्ही तसं करतो. मात्र दोन्ही खोल्यांची लेव्हल आधीच घेऊन भिंतीवर खूण मारून ठेवतो, म्हणजे दोन वर्षांनी आलो तरी उंबऱ्याशी पायरी पडत नाही.

आता हिशोबाचं सांगतो, कारण गिऱ्हाइकांशी सगळ्यात जास्त वाद इथेच. दोन-बाय-दोनची फरशी दोन फुटांची नसते. ती 600 मिलिमीटर, आणि दोन फूट म्हणजे साधारण 610. दहा फुटी खोलीत पाच फरश्या मांडल्या, दोन मिलिमीटरची फट सोडली, तरी भिंतीकडे दीड इंचाच्या आसपास चिंधी उरते. गिऱ्हाईक म्हणतं, "पाच दुणे दहा, मंग ही चिंधी कुठून आली?" चिंधी टाळायची तर चार अख्ख्या फरश्या मध्ये धरून दोन्ही कडांना फुटाहून जरा मोठे तुकडे घ्यावे लागतात. दिसायला सुंदर, पण एका फरशीतून दोन तुकडे निघत नाहीत, ओळीला सहा फरश्या लागतात. दहा-बाय-बाराच्या खोलीला कागदावर चार-चार फरश्यांचे साडेसात बॉक्स बसतात. असं केलं तर नऊच्या पुढे जातं. चिंधी ठेवली तर आठ-साडेआठात भागतं, आणि ती चिंधी आम्ही जिथे दिवाण किंवा कपाट येणार त्या भिंतीला सारतो. म्हणून मी सगळ्यात आधी घरच्या बाईला विचारतो, दिवाण कुठे ठेवणार. पुरुषमाणसाला हे माहीत नसतं.

दुसरी गोष्ट, खोल्या गुण्यात, म्हणजे काटकोनात, नसतात. दोरी बांधून एका भिंतीवर तीन फूट, दुसरीवर चार फूट खूण करायची, तिरपं अंतर बरोबर पाच आलं तर कोपरा काटकोनात. खेड्यात ते क्वचितच येतं. कधी इंच, कधी दीड इंच फरक. मग दारातून आत आल्यावर जी ओळ डोळ्याला पहिली दिसते ती सरळ धरायची आणि तिरपा काट मागच्या भिंतीला न्यायचा.

पैशाचं मात्र आमच्याकडे कॅलेंडर वेगळं. शहरात काम झालं की बिल. इथे काम चैत्रात, पैसे कापूस विकल्यावर. 2021-22 च्या हंगामात कापूस क्विंटलला 10,000 च्या वर गेला आणि त्या वर्षी आम्हाला झोपायला वेळ नव्हता. लोक घर राहू द्या, गोठ्यालासुद्धा पार्किंग टाइल्स लावायला निघाले. पुढच्या वर्षी सगळ्यांनी दहा हजाराच्या आशेनं कापूस घरात भरून ठेवला. भाव सात-आठ हजारांत घुटमळला, पुढे आणखी उतरला. मी ज्या खोल्यांत फरशी बसवली होती त्याच खोल्यांत छतापर्यंत कापूस, आणि माझे पैसे त्या कापसाखाली. मागायला गेलं की चहा मिळायचा. नोटबंदीच्या हंगामातही असंच झालं होतं, फक्त तेव्हा सगळेच अडकले होते.

त्यातून काही रीत बसली. सामान गिऱ्हाइकानंच आणायचं. आम्ही टाइल्स विकत नाही, कमिशनच्या भानगडीत पडत नाही, त्यामुळे उधारी अडकली तरी फक्त मजुरीची अडकते. काम सुरू होताना चौथाई इसार, भिंती झाल्यावर अर्धे, उरलेले कापसावर, आणि ते वहीत दोघांच्या सहीनं. वही माझी बायको ठेवते. मी तोंडावर "राहू द्या बापू, सवडीनं द्या" म्हणून मोकळा होतो; ती म्हणत नाही. तिच्या हाती वही गेल्यापासून वसुली सुधारली हे गावात सगळ्यांना माहीत आहे.

दुकान टाका, असं बरेच जण सुचवतात. टाइल्सवर 18 टक्के जीएसटी, गोडाऊन, फुटतूट, त्यात दर सहा महिन्यांनी मोरबीवाले डिझाइन बदलतात. एका बॅचचे चार बॉक्स कमी पडले तर तोच शेड पुन्हा मिळत नाही. ते डोकेदुखीचं काम दुकानदारालाच करू द्यावं. आम्ही गिऱ्हाइकाला एवढंच सांगतो की सगळ्या बॉक्सवरचा बॅच नंबर आणि शेड एकच आहे का बघा, आणि एक बॉक्स जास्तीचा माळ्यावर ठेवा.

उन्हाळा हाच आमचा मुख्य हंगाम, आणि तोच कामाला वाईट. पारा 45 च्या वर गेला की पसरलेला माल हातोडी मारेपर्यंत कोरडा पडतो. सकाळी सहाला सुरू, अकराला बंद, पुन्हा चारनंतर. कोबा आदल्या रात्री भिजवायचा, टाइल्सचे बॉक्स उन्हात ठेवायचे नाहीत. फट न सोडता फरशी भिडवली तर याच उन्हात ती फुगते, आणि एखाद्या दुपारी फट्टकन आवाज होऊन मधल्या दोन फरश्या उचलल्या जातात. तरी गिऱ्हाइकाला फट नको असते. "शहरात तर जोड दिसत नाई." दिसत नाही कारण ग्राउट, म्हणजे फटीत भरायचा मसाला, रंगाला रंग जुळवून भरलेलं असतं, हे त्याला एकदा नमुना लावून दाखवावं लागतं.

पावसाळ्यात रेतीचे घाट बंद, भाव चढे, तेव्हा क्रशरवर दगड फोडून निघालेल्या चुरीवर भागवतो. ते दिवस दुरुस्तीचे: न्हाणीचा उतार, गळणारी संडासं, ओट्याचा ग्रॅनाइट. कमाई थोडी, पण पोरं घरी बसत नाहीत.

पोरांचं सांगायला हवं. आमच्याकडचे तयार मिस्त्री पुण्याला, हैदराबादला जातात; तिथे रोजंदारी जास्त. भाच्याला मी मशीन हातात दिली तेव्हा पहिली अट घातली, कोरडा काट मारायचा नाही. पाणी सोडून कापायचं, तोंडाला मास्क. ती पांढरी धूळ छातीत जाते ती निघत नाही. गुडघ्याला पॅड आणि हातात रबरी मोजे, कारण ओलं सिमेंट कातडी खातं. वडिलांची बोटं मी पाहिली आहेत. भाचा तीन वर्षं राहिला, पुण्याला गेला, आता परत आलाय, आणि लेझर तोच चालवतो. मी अजून पाण्याच्या नळीनं एकदा तपासून घेतो, त्याला त्याचा राग येतो.

सध्याचा वाद ॲडहेसिव्हचा, म्हणजे फरशी चिकटवायच्या तयार मसाल्याचा. दोन-बाय-चारची फरशी, तीही भिंतीवर, सिमेंटच्या घोळानं लावायला मी नकार देतो. ॲडहेसिव्हची पिशवी सिमेंटहून महाग, आणि सिमेंटचे कारखाने तर इथेच पलीकडे कोरपना-गडचांदूरला, म्हणून लोकांना वाटतं घरचं सोडून हे कशाला. मी नवी व्हिट्रिफाइड आणि घोळानं लावून निघालेली जुनी, दोन्ही ऑटोत ठेवतो. निघालेलीची पाठ दाखवतो. तिच्यावर सिमेंटचा कणही चिकटलेला नसतो. निम्मे लोक मानतात, निम्मे दोन-बाय-दोनवर येतात. दोन्ही चालतं.

यंदाच्या तारखा होळीपर्यंत भरल्या आहेत. पाडव्यानंतर लग्नघरं सुरू होतील. ज्यांचा जोता आत्ता उभा राहतोय त्यांनी मुरूम टाकायच्या वेळी फोन करावा, टाइल्स घेऊन झाल्यावर नव्हे. बघायला येण्याचे पैसे आम्ही घेत नाही.