३७०झेड, लाल तेल आणि 'ओरिजिनल'चा घोळ

स्पोर्ट्स कारला एअर फिल्टर गाडीच्या कंपनीचा टाकू का आफ्टरमार्केट, म्हणजे बाहेरच्या कंपनीने बनवलेला, हा प्रश्न गॅरेजवर सारखा येतो आणि विचारणाऱ्याचं उत्तर बहुतेक वेळा आधीच ठरलेलं असतं, आपण फक्त हो म्हणायचं. म्हणून ही एक केस लिहून ठेवतोय, पुढच्याला लिंक पाठवली की काम झालं.

गाडी निसान ३७०झेड. २०१० च्या सुमारास इकडे विकायला आली तेव्हाच मोजक्या लोकांनी घेतली, त्यामुळे पुण्यात दिसली तरी माणूस वळून बघतो. ३.७ लिटरचं व्ही-६ इंजिन, टर्बो नाही, आणि हवा घ्यायला दोन नाकपुड्या, म्हणजे एअर फिल्टर दोन, आत जाणारी हवा मोजणारे एअर मास सेन्सर दोन, थ्रॉटल बॉडी (पाय दिला की उघडणारी हवेची झडप) पण दोन. दिसायला भारी, खर्चाला पण डबल.

मालक हिंजवडीत नोकरीला, गाडी मुंबईहून सेकंडहँड घेतलेली. तक्रार अशी की चेक इंजिन लाईट लागलीय, सिग्नलला आरपीएम वरखाली होतो आणि फुल पाय दिला की गाडी आधी विचार करते मग पळते. आधीच्या वर्कशॉपने दोन्ही सेन्सर बदला म्हणून कोटेशन दिलेलं, ते मोबाईलवर दाखवत म्हणाला, "काका, सेन्सर मागवूनच टाका, मला वीकेंडला गाडी पाहिजे." म्हटलं थांबा हो, आधी बॉनेट तर उघडू.

स्कॅनर लावला तर पी०१७१ आणि पी०१७४ हे कोड, म्हणजे दोन्ही बँक (व्ही-६ च्या सिलिंडरच्या दोन्ही ओळी) लीन. सोप्या भाषेत, इंजिनात हवा जेवढी जातेय त्या मानाने पेट्रोल कमी पडतंय आणि कॉम्प्युटर आपल्या परीने वाढवून वाढवून थकलाय. लाईव्ह डेटा बघितला तर आयडलिंगला एका सेन्सरचं रीडिंग सेकंदाला तीन ग्रॅम हवेच्या आसपास आणि दुसऱ्याचं दोनच्या जरा वर, इंजिन एकच आणि दोन्ही बाजू सारख्याच, मग एवढा फरक का? या गाडीत दोन्ही सेन्सर सेम असतात, म्हणून पोराला सांगितलं डावा उजवीकडे लाव, उजवा डावीकडे. लावला, आणि कमी रीडिंग सेन्सरबरोबर दुसऱ्या बाजूला गेलं. म्हणजे होज फाटलेला नाही, मोठा लीक नाही, तो एक सेन्सरच खोटं बोलतोय.

काढून टॉर्चखाली धरला तर आतल्या बारीक तारेवर लालसर चिकट थर आणि त्यावर धुळीचं पीठ बसलेलं. ही तार गरम ठेवलेली असते, हवा तिला थंड करते, आणि तिला तेवढीच गरम ठेवायला किती करंट लागतो त्यावरून कॉम्प्युटर हवा मोजतो. तारेवर थर बसला की हवा तिला नीट थंड करू शकत नाही, करंट कमी लागतो, कॉम्प्युटरला वाटतं हवाच कमी आली, पेट्रोल कमी सोडतो. हळू चालवताना एक्झॉस्टमधला ऑक्सिजन सेन्सर सांभाळून घेतो पण फुल थ्रॉटलला तेवढी दुरुस्ती होत नाही, आणि तिथे लीन चाललं की इंजिन ठोकायला लागतं. एवढ्या महागाच्या इंजिनाला ही रिस्क नको.

मग फिल्टरचा डबा उघडला. आत कॉटनचे ऑइलवाले परफॉर्मन्स फिल्टर, धूळ चिकटावी म्हणून तेल लावलेले, धुवून परत वापरायचे ते. गाडी मागे कुठेतरी सर्व्हिसला गेली होती तिथे ते धुवून तेल मारलेलं, एकाला बेताचं आणि दुसऱ्याला बहुतेक उरलेली बाटली पूर्ण, कारण त्याच्या खालच्या कडेला तेल जमून लाल ओघळ डब्यात उतरला होता. इथे एक गोष्ट स्पष्ट सांगतो, हे फिल्टर बनवणारे म्हणतात की तेल मापात लावलं तर ते उडून सेन्सरवर जात नाही, आणि ते खरं आहे. पण मापात लावणारा माणूस कुठून आणायचा? धुतल्यावर सावलीत आपोआप वाळू द्यायचा असतो, कॉम्प्रेसरची हवा मारायची नसते, तेल थोडं थोडं लावून मुरेपर्यंत थांबायचं असतं. आपल्याकडे सर्व्हिसला गाडी सकाळी येते आणि संध्याकाळी पाहिजे असते.

पण मला खरी काळजी वाटली ती तेलाची नव्हती. फिल्टरच्या पुढच्या, म्हणजे इंजिनाकडच्या पाइपात पांढरं फडकं फिरवलं आणि ते मातकट राखाडी होऊन आलं, बोटात चोळलं तर करकर. फिल्टरची कड नीट बघितली तर एका कोपऱ्यात रबर डब्याला टेकतच नव्हतं, तिथून धुळीची सरळ रेघ आत गेलेली. आपल्याकडची धूळ म्हणजे काय, वाघोलीच्या खडी क्रशरपासून ते मेट्रो आणि रस्त्यांच्या कामापर्यंत सगळी काळ्या दगडाची भुकटी, ती ऑइलमध्ये मिसळली की लॅपिंग पेस्टच (धातू घासायचा लेप) तयार होते आणि पिस्टनच्या रिंगा, सिलिंडरचं बोअर घासत बसते. फिल्टरमधून हवा किती जाते हे सगळे विचारतात, धूळ किती अडते हे कोणी विचारत नाही. त्यासाठी आयएसओ ५०११ नावाची टेस्ट आहे, ठरलेली धूळ सोडून मोजतात, पण बॉक्सवर मोठ्या अक्षरात हॉर्सपॉवरच छापलेली असते.

हॉर्सपॉवरवरून मालकाशी थोडी चर्चा झाली. तो म्हणाला, "काका, पेपर फिल्टर टाकला तर पॉवर जाईल ना?" म्हटलं हिशेब करू. फिल्टर हवेला किती अडवतो ते पाण्याच्या इंचात मोजतात, एक इंच म्हणजे हवेच्या दाबाच्या पाव टक्का. समजा फिल्टरने तीन इंच अडवलं, तर फिल्टर काढून फेकला तरी फायदा पाऊण टक्का. आणि पुणं समुद्रसपाटीपासून ५६० मीटरवर, इथे हवाच मुंबईपेक्षा साधारण सहा टक्के विरळ आहे, ती पॉवर तर तुम्ही गाडी एक्स्प्रेसवेने वर आणली तेव्हाच गेली. हसला. ओपन कोन, म्हणजे डब्याशिवाय उघडाच बसवायच्या फिल्टरची पण गोष्ट तीच, आवाज मस्त येतो, पण बॉनेटखालची गरम हवा ओढतो. ३५ डिग्रीची हवा ६५ ची झाली की ती जवळपास नऊ टक्के पातळ होते. लोक आवाजालाच पॉवर समजतात.

एवढं ऐकल्यावर गडी म्हणाला मग ओरिजिनलच टाकू, माझ्याकडे आहेत, आणि डिकीतून दोन बॉक्स काढले. ऑनलाइन स्वस्तात मिळाले म्हणे. बॉक्सवर लोगो, पार्ट नंबर, होलोग्राम सगळं व्यवस्थित. फिल्टर हातात घेतला तर हलका लागला. कागदाच्या घड्या एका टोकाला दाट आणि दुसरीकडे फाकलेल्या, कडेच्या रबराला मोल्डिंगच्या वेळी सुटलेली पापडी तशीच, आणि अंगठ्याने दाबलं तर रबर परत वर येईना, दबूनच राहिलं. डब्यात ठेवून झाकण लावलं, परत उघडलं, रबरावर डब्याच्या कडेचा ठसा अर्ध्याच भागात. डुप्लिकेट माल. म्हणजे ज्या कारणासाठी कॉटनवाला काढायचा तेच कारण इथे पण, वर ओरिजिनल लिहिलेलं एवढाच फरक.

खरा कंपनीचा माल मागवायला वेळ लागणार होता. हाच फिल्टर इन्फिनिटी जी३७ ला पण लागतो, पण ती गाडी आपल्याकडे विकलीच नाही, त्यामुळे शेल्फवर कोण ठेवणार. शेवटी माझ्या ओळखीच्या डीलरकडे एका नावाजलेल्या फिल्टर कंपनीचा साधा पेपरवाला, म्हणजे आफ्टरमार्केटच, त्याची जोडी मिळाली. घड्या एकसारख्या, रबर टणक आणि दाबल्यावर लगेच वर येणारं, ठसा चारही बाजूंनी पूर्ण. तोच टाकला.

सेन्सर नवीन घ्यावा लागला नाही. सेन्सर क्लीनरचा स्प्रे लांबून मारला, तारेला हात किंवा कापूस लावायचा नाही आणि कार्ब क्लीनर (कार्ब्युरेटर धुवायचा स्प्रे) तर अजिबात नाही, पूर्ण वाळू दिला मग बसवला. पाइप आणि डबे धुतले, कोड काढले, ट्रायल मारली. दोन्ही रीडिंग जवळजवळ सारखी, आरपीएम स्थिर, पिकअप सरळ. इंजिन ऑइल पण बदलून घेतलं, कारण आत गेलेली धूळ तिथेच फिरत असणार. जुन्या ऑइलचं सॅम्पल लॅबला पाठवा म्हटलं, त्यात सिलिकॉन किती निघतं त्यावरून धूळ किती गेली याचा अंदाज येतो.

जाताना विचारलं की हे पेपरवाले दर महिन्याला हवा मारून साफ करू का. नका करू. पेपर फिल्टर थोडा मळला की उलट धूळ जास्त चांगली अडवतो, सारखी हवा मारली की कागदच फाटतो. पण रस्त्याचं काम चालू असलेल्या भागात रोज फिरत असाल तर मॅन्युअलमधल्या किलोमीटरची वाट बघू नका, त्याआधीच बदला.

कॉटनचे दोन्ही फिल्टर तो घेऊन गेला, कोइम्बतूरला करी स्पीडवेवर ट्रॅक डेला जायचंय म्हणे, तिथे लावीन. ट्रॅकवर धूळ कमी, लावू दे, फक्त तेल मी लावून देतो म्हटलं. डुप्लिकेटवाले बॉक्स रिटर्न करायला टाकलेत, पैसे अजून आले नाहीत.