करंगळीला जागा

जुलैमधली गोष्ट. आई आणि मी मंडईतून भिजून आलो, मोरीत पाय धुतले आणि तशाच स्वयंपाकघरात गेलो. मागे वळून बघितलं तर शहाबादी फरशीवर दोघींच्या पावलांचे ओले ठसे. आईच्या ठशात पाची बोटं सुटी सुटी, हाताचा पंजा टेकवावा तशी. माझ्या ठशात बोटं चारच. करंगळी चौथ्या बोटाखाली दडून बसली होती आणि अंगठा आत वळलेला. आई बहात्तरची, मी त्रेचाळीसची. तिचे पाय माझ्यापेक्षा तरुण दिसत होते.

आईचं माहेर कराडजवळचं. सातवीपर्यंत अनवाणी शाळा, पुढे कोल्हापुरी चपला. माझी वीस वर्षं बँकेत गेली, म्हणजे बेली, निमुळत्या टोकाचे सँडल आणि लग्नकार्याला टाचा. करंगळीवरचं कुरूप दर दोन-तीन महिन्यांनी कापायचं, पट्टी लावायची आणि परत त्याच बेलीत पाय घालायचा. ह्यात काही चुकतंय असं कधी वाटलं नव्हतं. नवीन बूट चावतोच, असंच आपण म्हणतो ना!

त्या रात्री लेकीच्या चित्रकलेच्या वहीतला कागद घेतला, त्यावर उभी राहिले आणि पेन्सिलीने पावलाची कड काढली. मग त्यावर ऑफिसची बेली ठेवली. पाऊल सर्वांत रुंद जागी 97 मिलिमीटर, बेलीचा तळ 84. तेरा मिलिमीटरचा पाय मी रोज सकाळी साडेनऊला कुठे कोंबत होते, हे कागदावर स्पष्ट दिसत होतं.

बेअरफूट बूट हा प्रकार ऐकून माहीत होता. मिलिंद सोमण अनवाणी धावतात म्हणून टेकडीवर येणारी दोन-चार पोरं तसे बूट घालून दिसायची. ह्या बुटांत मुळात तीनच गोष्टी असतात. पुढचा भाग पावलाच्या आकाराचा, म्हणजे बोटांना पसरायला जागा. टाच आणि चवडा एकाच पातळीवर (नेहमीच्या धावायच्या बुटात टाच साधारण 8 ते 12 मिलिमीटर उंच असते). आणि तळ इतका पातळ की बूट हातात घेऊन त्याची गुंडाळी करता येते. कमानीला आधार नाही, कुशन नाही.

साडेतीन हजारांचा जोड मागवला. आईने तो उलटासुलटा करून बघितला, सोल दोन बोटांत दाबला आणि म्हणाली, "अगं, अनवाणीच चालायचं तर फुकट चालता येतं की!"

पहिला जोड परत करावा लागला, चूक माझीच. नेहमीचा नंबर मागवला होता. पाय बसून नाही, उभं राहून मोजायचा, कारण वजन आलं की पाऊल लांबतं आणि पसरतं. सर्वांत लांब बोटापुढे आणखी आठ-दहा मिलिमीटर मोकळे ठेवायचे. माझा नंबर एकाने वाढला. आणि सर्वांत लांब बोट म्हणजे अंगठाच असं नाही, माझं दुसरं बोट लांब आहे.

पहिले चार दिवस घरातच वापरले आणि एक नवीनच गोष्ट कळली. मी चालत नाही, आपटते. टाच फरशीवर धप्‌ धप्‌ पडायची आणि तो दणका थेट गुडघ्यात जायचा. इतकी वर्षं तो बुटातला फोम पचवत होता. आपोआप पाऊल आखूड झालं, टाच हळू टेकायला लागली. मग रस्त्यावर गेले. पेव्हर ब्लॉकच्या फटी, गतिरोधकावरच्या पांढऱ्या पट्ट्यांचा जाड रंग, ड्रेनेजच्या झाकणावरची नक्षी, सगळं तळव्याला लागत होतं. कर्वे रस्त्यावरून इतकी वर्षं जाते, पण त्याची अशी ओळख कधी झाली नव्हती. पोटऱ्या मात्र भरून आल्या. तिसऱ्या दिवशी जिना उतरताना कठडा धरून, एकेक पायरी, बाळंतिणीसारखी. साहजिकच होतं. टाच कायम उंचावर राहिली की पोटरीचे स्नायू आखूडच राहायला शिकतात. आता अचानक टाच खाली आली, तर ओढ बसणारच.

इथे थांबायला हवं होतं. पण दोन आठवड्यांत पोटऱ्या सुटल्या आणि मला वाटलं, जमलं. तिसऱ्या शनिवारी वेताळ टेकडीची पूर्ण फेरी मारली, खडी आणि मुरमावरून. रविवारी चार किलोमीटर धावलेसुद्धा. डोक्यात अबेबे बिकिला होता. इथिओपियाचा हा धावपटू 1960च्या रोम ऑलिंपिकमध्ये अनवाणी धावला, 2 तास 15 मिनिटं 16 सेकंदांत मॅरेथॉन जिंकला आणि विश्वविक्रम केला. हे सगळे सांगतात. 1964 मध्ये टोकियोला तोच पुन्हा जिंकला, आणखी वेगात आणि बूट घालून, हे फारसं कोणी सांगत नाही. शिवाय त्याचे पाय बँकेच्या काउंटरमागे वाढले नव्हते.

सोमवारी सकाळी उजव्या पावलाच्या वरच्या बाजूला, दुसऱ्या बोटाच्या रेषेत, बोटाने दाबलं की कळ येत होती. बुधवारी तिथे सूज आली. एक्स-रे स्वच्छ आला. हाडांच्या डॉक्टरांनी सांगितलं, ताणाने आलेली बारीक चीर सुरुवातीला एक्स-रेत दिसतेच असं नाही, तेव्हा चीर आहे असं धरूनच वागायचं. चार आठवडे टेकडी बंद, धावणं बंद, आणि पायात जुने जाड बूट. खूप ओशाळल्यासारखं झालं.

त्या सक्तीच्या विश्रांतीत वाचन केलं, जे आधी करायला हवं होतं. अमेरिकेत ब्रिगहॅम यंग विद्यापीठाच्या संशोधकांनी 2013 मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला होता. सरावाचे 36 धावपटू घेतले, त्यातल्या 19 जणांना पाच बोटांच्या (हातमोज्यासारखा प्रत्येक बोटाला वेगळा कप्पा असलेल्या) पातळ बुटांकडे हळूहळू वळवलं. दहा आठवड्यांनी एमआरआय केला तर त्यातल्या दहा जणांच्या पावलाच्या हाडांत सूज वाढलेली सापडली. म्हणजे मुरलेल्यांची ही गत, आणि मी तीन आठवड्यांत टेकडी पालथी घालायला निघाले होते! स्नायू काही आठवड्यांत तयार होतात, हाडाला नव्या भाराची सवय व्हायला महिने लागतात. पोटरी दुखायची थांबते तेव्हा हाडाचं काम नुकतंच सुरू झालेलं असतं. फसगत नेमकी इथे होते.

दुसरं एक कळलं. हार्वर्डच्या डॅनियल लीबरमन यांचा 2010 चा अभ्यास सगळीकडे दाखला म्हणून दिला जातो. सवयीने अनवाणी धावणारे बहुतेक वेळा चवड्यावर किंवा पूर्ण पावलावर उतरतात आणि टाचेवर उतरताना बसतो तसा हादरा त्यांना बसत नाही, असं त्यात आहे. पण त्यामुळे दुखापती कमी होतात असं त्यातून सिद्ध होत नाही. असल्याच दाव्यांवरून पाच बोटांचे बूट बनवणाऱ्या व्हायब्रम कंपनीवर अमेरिकेत खटला झाला आणि 2014 मध्ये कंपनीने, चूक मान्य न करता, 37 लाख 50 हजार डॉलरवर तडजोड केली. तेव्हा कोणी हे बूट गुडघेदुखीवरचा रामबाण उपाय म्हणून सांगत असेल तर हात जोडून पुढे जावं.

महिन्याने परत सुरुवात केली, ह्या वेळी फिजिओच्या हाताखाली. तिने पहिल्या दिवशी मला खुर्चीत बसवलं, बूट-मोजे काढायला लावले आणि म्हणाली, "ताई, अंगठा खाली ठेवा, बाकीची चार बोटं वर उचला." मी माझ्या बोटांकडे बघत राहिले आणि बोटं माझ्याकडे. एकही हलेना. जोर लावला तर भुवया वर गेल्या, बोटं तिथेच. घरी लेकीने हे एका झटक्यात करून दाखवलं, वर उलटंही केलं, अंगठा वर आणि चार खाली. मला सव्वा महिना लागला. रोज दात घासताना एका पायावर उभं राहायचं, पायरीच्या कडेवर टाच खालीवर, पंधराचे तीन सेट, आणि टीव्ही बघताना जमिनीवरचा नॅपकिन बोटांनी गोळा करायचा. नवरा म्हणायचा, त्यानेच फरशी पुसून घे.

बूट पहिल्या आठवड्यात दिवसाला वीस मिनिटं, मग दर आठवड्याला थोडं थोडं वाढवत नेलं. ऑफिसात दिवसभर घालायला चौथा महिना उजाडला. काळे, साध्या लेसचे घेतले. कुर्त्याखाली चालून जातात, साडीखाली मात्र बदकासारखे दिसतात. खरा फरक जिममध्ये पडला. स्क्वॉट करताना फोमच्या बुटात पाऊल डळमळायचं, ह्यात अंगठा, करंगळी आणि टाच जमिनीला घट्ट लागतात. धावण्याचं म्हणाल तर मातीच्या मैदानावर एक मिनिट धावणं, चार मिनिटं चालणं इथून सुरुवात केली. आज दहाव्या महिन्यात सलग अडीच किलोमीटरवर आहे आणि घाई नाही. त्याहून लांब धावायचं तर सरळ जुने कुशनचे बूट चढवते.

तक्रारी आहेतच. पावसात हे बूट म्हणजे ओला स्पंज. एप्रिलच्या दुपारी डांबराचा चटका सोलमधून कळतो. टेकडीवर एकदा बाभळीचा काटा आरपार गेला, मी एका दगडावर बसून केसांच्या पिनेने तो काढला आणि लंगडत घरी आले. पण कुरूप गेलं, एकदाही कापावं लागलेलं नाही. अंगठा होता तिथेच आहे, तो असा सरळ होत नसतो. परवा कागदावर परत कड काढली. पाऊल 99 मिलिमीटर, दोन मिलिमीटरची कमाई. तीही कदाचित पेन्सिल तिरकी धरल्याची.

आईच्या कोल्हापुरीचा विचार मात्र सारखा येतो. ना टाच, ना कुशन, बोटं उघडी. 2019 मध्ये त्या चपलांना भौगोलिक मानांकन मिळालं, महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार जिल्हे धरून, त्यात आईचा साताराही आहे. मी साडेतीन हजारांना जे घेतलं ते तिच्याकडे तेव्हाच होतं, असं मी तिला म्हटलं. ती खूश झाली. "बघू तरी तुझे बूट," म्हणून पाय पुढे केला.

मी नको म्हटलं. तिला अठरा वर्षांपासून मधुमेह आहे आणि दोन वर्षांपूर्वी तपासणीत तळव्यांची संवेदना कमी झाल्याचं आढळलं. तेव्हापासून घरातसुद्धा अनवाणी चालायला बंदी. काटा लागला तरी कळणार नाही, आणि पातळ सोलचा तर सगळा भरवसा कळण्यावरच. फरशीवर ते ठसे उमटले त्या दिवशीही ती दोन पावलं का होईना विनाचपलेची आत आली म्हणून मी तिला रागावले होते.

आता दाराशी दोन जोड शेजारी शेजारी असतात. माझे गुंडाळी होणारे बूट, आणि तिच्या जाड, मऊ एमसीआरच्या, म्हणजे मधुमेहींसाठीच्या मऊ रबराच्या चपला. सकाळी मी फिरून आले की ती आधी माझे तळवे बघते, काटा-बिटा लागला नाही ना म्हणून. रात्री मी टॉर्च लावून तिचे बघते.