ते कळलं, पण का?

आमच्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या मावशी बीडकडच्या. एप्रिलमध्ये एकदा त्यांनी माठातलं पाणी प्यायलं, तोंड वाकडं केलं आणि म्हणाल्या, "ताई, आमच्या गावाकडं माठाचं पाणी दाताला कळ आणतं. तुमचा माठ निस्ता शोभंचा."

माठ मी स्वतः टिचकी मारून, पारखून आणलेला. त्यामुळे लागलं. सत्तावीस वर्षं शाळेत विज्ञान-गणित शिकवलेल्या माणसाच्या तोंडून अशा वेळी जे पडायचं तेच पडलं. "मावशी, बाष्पीभवन झालं की पाणी गार होतं."

"व्हय का? मग ते हितं का न्हाय होत?"

हा प्रश्न वर्गात मला कुणी विचारला नव्हता. विचारला असता तर "ते पुढच्या वर्षी आहे" म्हणून मी फळा पुसला असता. बाष्पीभवन हा शब्द मी जन्मभर झाकणासारखा वापरत आले. भांड्यावर घातला की आत काय शिजतंय ते बघायला नको.

मग मी उलटं विचारलं, "पावसाळ्यात आपले कपडे का वाळत नाहीत?"

"हवाच वली आसती. पानी जानार कुटं?" एवढं बोलून त्या लाटणं हातात धरून थांबल्या. "आगं बया! म्हंजी माठाचं कापडावानीच हाय!"

अगदी तसंच आहे. माठ पाझरतो, बाहेरचं पाणी उडून जातं आणि जाताना आतल्या पाण्याची उष्णता घेऊन जातं. एक ग्रॅम पाणी उडायला सुमारे ५८० कॅलरी लागतात. म्हणजे चमचाभर पाणी उडालं, की बाहेरची उष्णता आत शिरली नाही तर जवळजवळ तीन लिटर पाणी एका अंशाने गार व्हावं. बीडच्या कोरड्या उन्हात चमच्यामागून चमचे उडत राहतात. आमच्या डोंबिवलीच्या हवेत आधीच इतकी वाफ भरलेली, की तिथे नव्या पाण्याला उभं राहायलाही जागा नाही, सकाळच्या लोकलसारखी. आम्ही माठ उचलून खिडकीतल्या वाऱ्यात ठेवला. थोडा फरक पडला. मावशींनी मात्र त्याला पास केलेलं नाही.

तेव्हापासून घरात प्रश्नांचा रतीब सुरू झाला. भाची पाचवीत आहे, सुट्टीत माझ्याकडे असते. एकदा मी तिला दुधापाशी उभं केलं आणि दाराशी आलेल्या कुरियरवाल्याकडे गेले. व्हायचं तेच झालं. ओटा, शेगडी, मागची फरशी, सगळीकडे दूध. रागवायच्या आत तिनेच विचारलं, "आत्या, पाणी का नाही गं असं उतू जात?"

हा तिचा बचाव होता हे मला कळत होतं, पण बचाव उत्तम होता. दुधात साधारण ८७ टक्के पाणीच असतं, मग उरलेल्या तेरा टक्क्यांनी असा काय मस्तवालपणा करावा? पाण्यातला बुडबुडा वर येतो आणि फुटतो, संपला विषय. दुधातल्या बुडबुड्याला प्रथिनांचा अंगरखा मिळतो, त्यामुळे तो चटकन फुटत नाही. खालून पुढचे येतच असतात, त्यात वर साय धरलेली. वाफेला वाट मिळेना, की सगळा फेस सायीला डोक्यावर घेऊन उठतो. तो इतका झटकन उठतो, की बघणाऱ्याने त्याच क्षणी मान वळवलेली असते. हे शेवटचं वाक्य विज्ञान नाही, अनुभव.

"मग भात का उतू जातो? त्यात कुठे दूध असतं?" तिथे पिठूळपणा प्रथिनांचं काम करतो. म्हणजे उतू जाण्याला दूधच लागतं असं नाही, बुडबुड्याला टिकवणारं काहीतरी लागतं. आई वर आलेल्या दुधावर पाण्याचा हबका मारायची आणि ते गप बसायचं. फेसातली वाफ गार होऊन पुन्हा पाणी व्हायची, हे आईला कुणी सांगितलं नव्हतं. तिचं दूध वाचत होतं.

गणिताचे प्रश्न मात्र मोठी माणसंच विचारतात, आणि जुनी उधारी वसूल करावी तसे विचारतात. तळमजल्यावरचे काका बँकेतून निवृत्त झालेत. एकदा जिन्यात गाठून म्हणाले, "वजा गुणिले वजा अधिक. साठ वर्षं मी हे मुकाट्याने मानलंय. आता तरी सांगा, का?"

मी म्हटलं, तीन जणांचं प्रत्येकी पन्नास रुपये देणं तुमच्या डोक्यावरून काढून घेतलं, तर तुम्ही दीडशेने वर आलात ना? "म्हणजे कर्जमाफी," काका म्हणाले. "आणि बँकेने काय करायचं?" पुढची दहा मिनिटं वसुलीवर गेली. मग मी त्यांना वजा दोनचा पाढा उलटा म्हणायला लावला. तीन वेळा वजा दोन म्हणजे वजा सहा, दोन वेळा वजा चार, एकदा वजा दोन, शून्य वेळा शून्य. प्रत्येक पायरीला दोन वाढतायत. आता पायरी उतरून वजा एकवर या. काका स्वतःशीच पुटपुटले, "अधिक दोन. नाहीतर पाढा मोडेल." आणि भाजीची पिशवी तिथेच ठेवून घरात गेले. बहुधा काकूंना सांगायला.

जयंत नारळीकरांकडे मुलं सही मागायला गेली, की ते म्हणायचे, पोस्टकार्डावर एक प्रश्न लिहून पाठवा, उत्तराखाली सही करून पाठवतो. मला ही युक्ती भारी वाटते, कारण सहीच्या लोभाने का होईना, मुलाला आधी प्रश्न शोधायला लागतो. शिवाय पोस्टकार्डाचं माप. तेवढ्या जागेत बाष्पीभवनासारखी झाकणं ठेवायला जागाच नाही.

मे महिन्यात भाचीला घेऊन दादरला निघाले होते. स्टेशनबाहेरच्या एका रिक्षाचा नंबर ३५२४. मी म्हटलं, हे अंक मोठ्याकडून लहानाकडे लाव, मग उलटे लाव आणि वजाबाकी कर. ५४३२ वजा २३४५, ३०८७. पुन्हा तेच : ८७३० वजा ०३७८, ८३५२. पुन्हा : ८५३२ वजा २३५८, ६१७४. आणखी एकदा केलं तरी ६१७४च. चारही अंक सारखे नसले, तर कुठलीही चार अंकी संख्या घे, जास्तीत जास्त सात वजाबाक्यांत इथेच येते. हे शोधणारे द. रा. कापरेकर देवळालीच्या शाळेत शिक्षक होते, १९३० ते १९६२. जगाने त्यांची दखल घेतली ती १९७५च्या सुमारास, गणितातल्या गमतीजमतींवर लिहिणारे अमेरिकी लेखक मार्टिन गार्डनर यांनी त्यांच्यावर लिहिलं तेव्हा.

"ते कळलं, पण का?"

आली पंचाईत. वहीच्या मागच्या पानावर मांडून दाखवलं, की पहिल्या वजाबाकीचं उत्तर फक्त दोन फरकांवर ठरतं : सगळ्यांत मोठा अंक वजा सगळ्यांत लहान, आणि मधल्या दोघांतला फरक. त्यामुळे हजारो संख्या एका फटक्यात ५४ उत्तरांवर येतात. त्या ५४ पुढे कुठे जातात, ते बसून तपासता येतं. "पण ६१७४च का?" तपासून बघ, म्हटलं. तिने वहीत खरंच ५४ रकाने आखायला घेतले.

इंडिकेटरवर गाडी अजून लागली नव्हती, म्हणून मी आणखी एक गंमत सांगितली. १२१, १२३२१, १२३४३२१ अशा संख्यांच्या कुळाला कापरेकरांनी डेम्लो संख्या असं नाव दिलं. डेम्लो म्हणजे हेच आपलं डोंबिवली. ती कल्पना त्यांना या स्टेशनवर सुचली.

तिने फलाटाकडे, भजीच्या स्टॉलकडे, जिन्यावरच्या गर्दीकडे एकदा नीट बघून घेतलं.

"इथेच का सुचली?"

म्हटलं, गाडी लेट असेल.